पाच मुलगे, पाच मुली आणि पेम्ब्रोकची जहागीर : मार्शल घराण्याची गोष्ट

वळचणीचं_पाणी

दहा मुलं. पाच मुलगे, पाच मुली. तेराव्या शतकात दहाच्या दहा जगली, मोठी झाली, सगळ्यांची लग्नं लागली. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर आधी मीठ-मोहऱ्या आणायला सांगितल्या असत्या. आणि तरी बाप गेल्यावर २६ वर्षांत त्या घराचं नाव संपलं. पाचही भाऊ एकामागून एक गादीवर बसले आणि एकालाही औरस मूल नाही.

हे घर म्हणजे इंग्लंडचे मार्शल, वेल्समधल्या पेम्ब्रोकचे अर्ल, म्हणजे बडे सरदार. मार्शल हे मुळात आडनाव नाही, हुद्दा आहे. शब्दाचा मूळ अर्थ घोड्यांचा चाकर, पुढे राजाच्या पागेचा कारभारी. आपल्याकडे चिटणीस, पोतनीस, सबनीस कसे आडनावं होऊन बसले, तसंच.

मूळ पुरुष विल्यम मार्शल, जन्म ११४७ च्या आसपास. बापाच्या मुलांतला चौथा, म्हणजे जमिनीच्या हिशेबात शून्य. ११५२ साली न्यूबरीच्या वेढ्यात बापाने याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं आणि दिलेला शब्द मोडला. पोराला फासावर देऊ म्हटल्यावर बापाचं उत्तर आलं, की याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्याकडे आहे! राजालाच दया आली. पाच-सहा वर्षांच्या त्या पोराबरोबर तो तंबूत गवताच्या काड्यांची लढाई खेळत बसला, असं विल्यमच्या चरित्रकाव्यात आहे. (हे काव्य थोरल्या मुलाने बापाच्या पश्चात लिहवून घेतलं, त्यामुळे थोडं हातचं राखूनच वाचायचं.)

जमीन नाही म्हणून हा गडी टूर्नामेंट खेळून जगला. तेव्हाची टूर्नामेंट म्हणजे मैदानभर चाललेली टोळीची झुंज. जिंकलात तर हरलेल्याचा घोडा, चिलखत आणि वर खंडणी. मरताना त्याने हिशेब सांगितला, की आयुष्यात ५०० सरदार पकडले.

खरा पैसा मात्र लग्नातून आला. ११८९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, राजाच्या मेहेरबानीने त्याचं लग्न इसाबेल द क्लेअरशी झालं. ती जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. तिच्या बापाला लोक ‘स्ट्राँगबो’ म्हणत. आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची, डर्मट मॅकमरोची मुलगी. राज्य गमावलेल्या डर्मटने स्ट्राँगबोला मदतीला बोलावलं, ११७० मध्ये मुलगी दिली, पुढच्या वर्षी स्वतः गेला आणि लेन्स्टर जावयाच्या हाती आलं. इसाबेलचा भाऊ लहानपणीच वारला, म्हणून सगळं तिच्याकडे. वाय नदीकाठचं स्ट्रिग्विल (आजचं चेपस्टो) आणि लेन्स्टर तिच्या बापाकडून, नॉर्मंडीत लाँगव्हिल भागातला हिस्साही तिच्याच हक्काने. ११९९ मध्ये जॉन राजाने विल्यमला पेम्ब्रोकचा अर्ल केलं, तेही तिच्या बाप-आजोबांचंच जुनं बिरुद.

हे विल्यमलाही पक्कं ठाऊक होतं. १२०७ मध्ये जॉनने त्याला आयर्लंडहून बोलावून घेतलं, तेव्हा किल्केनीच्या वाड्यात त्याने तिथल्या मानकऱ्यांसमोर गरोदर इसाबेलला हाताला धरून उभं केलं आणि म्हणाला, ही तुमची मालकीण, ज्याने तुमच्या बापजाद्यांना जमिनी दिल्या त्याची ही लेक. माझ्याकडे जे आहे ते हिच्यामुळे. आता हिला मी तुमच्या हवाली करतोय. मला या सगळ्या कथेत हाच प्रसंग सगळ्यात आवडतो. पागेचा हुद्दा सोडला तर मार्शलांच्या जहागिरीतला जवळपास प्रत्येक मोठा तुकडा बायकांच्या हातून आला होता.

जमीन राखण्यात मात्र तो तरबेज. १२०४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नॉर्मंडी घेतली, तेव्हा याने पुढच्या वर्षी फ्रान्सच्या राजालाही मुजरा केला आणि तिकडचं वतन वाचवलं. मॅग्ना कार्टाच्या (राजाच्या सत्तेला वेसण घालणाऱ्या सनदेच्या) वेळी बाप जॉनच्या बाजूला आणि थोरला मुलगा २५ बंडखोर सरदारांच्या यादीत. जॉन मेल्यावर नऊ वर्षांच्या हेन्री तिसऱ्याचा राज्यपालक विल्यमच. १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत, वय सत्तरच्या घरात, इतका उतावीळ की शिरस्त्राण न घालताच निघाला, पोऱ्याने आठवण केली म्हणून थांबला. १४ मे १२१९ ला कॅव्हरशमला गेला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये पुरला.

आता मुलगे. थोरला विल्यम १२३१ मध्ये गेला. दुसरा, रिचर्ड, हेन्री राजाविरुद्ध उठला आणि १२३४ मध्ये आयर्लंडात कराहच्या माळावर जखमी होऊन मेला. गिल्बर्ट खरं तर चर्चच्या वाटेला लावलेला, पण भाऊ गेले म्हणून अर्ल झाला. १२४१ मध्ये हर्टफर्डजवळ टूर्नामेंटमध्ये लगाम तुटला, पाय रिकिबीत अडकला आणि घोड्याने फरफटत नेलं. बापाने ज्या खेळावर नाव काढलं त्याच खेळात. वॉल्टर २४ नोव्हेंबर १२४५ ला गुडरिचच्या किल्ल्यात गेला आणि धाकटा अन्सेल्म महिनाभरातच चेपस्टोला.

वारस कोण? पाच बहिणी. मॉड, इसाबेल, सिबिल, ईव्हा, जोन. इंग्रजी कायद्यात मुलगा असेल तर थोरल्यालाच सगळं, पण फक्त मुली असतील तर सगळ्यांना समान वाटा. १२४७ मध्ये वाटणी झाली. लेन्स्टरचे सरळ पाच तुकडे पडले : मॉडला कार्लो, इसाबेलच्या वाट्याला किल्केनी, सिबिलच्या किल्डेअर, ईव्हाच्या डनमेसचा भाग, जोनच्या वेक्सफर्ड. वेल्सच्या बाजूला चेपस्टो मॉडकडे, अस्क आणि कार्लियन इसाबेलच्या मुलाकडे, पेम्ब्रोक जोनच्या लेकीकडे. वाटणीपर्यंत खुद्द बहिणींतली मॉडच काय ती हयात होती, बाकी हिस्से पुढच्या पिढीनेच उचलले.

दुसऱ्या भागात पेम्ब्रोकवर लिहीन. लिहायचा कंटाळा आला नाही तर.

---

अवांतरप्रेमी

मस्त! वाचनखूण साठवली. पण तो शाप कुठे गेला? फर्न्सच्या बिशपचा? मला वाटलं धागा त्यावरच असणार.

---

वळचणीचं_पाणी

मुद्दाम गाळला होता, पण विचारलंत तर सांगतो. विल्यमने आयर्लंडात फर्न्सच्या बिशपची दोन गावं दाबली. बिशपने त्याला चर्चबाहेर टाकलं. विल्यम मेल्यावर बिशप लंडनला आला, राजाबरोबर टेम्पल चर्चमध्ये थडग्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, गावं परत द्या, मी याला मोकळा करतो. थोरला मुलगा म्हणाला, बापाने ती लढाईत रीतसर मिळवली, देणार नाही. भावांनीही री ओढली. मग बिशपने शाप दिला, की एका पिढीत याचं नाव पुसलं जाईल.

---

नास्तिक_नाना

आणि ही गोष्ट सांगणारा कोण? सेंट ऑल्बन्स मठातला मॅथ्यू पॅरिस. पाचही भाऊ मेल्यावर लिहिलेली! निकाल लागल्यावर भविष्य सांगायला काय जातंय. गावांचा तंटा खरा होता यावर दुमत नाही, बाकीचं भिक्षूबुवांचं कीर्तन.

निपुत्रिक का गेले याला साधी कारणं आहेत. थोरल्याची पहिली बायको लवकर वारली. दुसरी बायको राजाची बहीण एलेनॉर, लग्नात वय नऊ. नवरा मेला तेव्हा ती सोळाची. रिचर्डची बायको त्याच्याशी लग्न करण्याआधीच विधवा होती. गिल्बर्ट अर्धं आयुष्य चर्चचा. वॉल्टरचं लग्न १२४२ मध्ये, मरण १२४५ मध्ये. यात शाप कुठे शोधायचा?

---

अवांतरप्रेमी

नाना, तुमच्यामुळे एकाही धाग्यात भूत टिकत नाही.

---

कोर्टाची_पायरी

धागाकर्त्यांनी ‘फक्त मुली असतील तर समान वाटा’ हे एका वाक्यात उरकलं, पण तिथेच थांबायला हवं होतं. अशा बहिणींना इंग्रजी कायद्यात शब्द आहे ‘कोपार्सनर’. हो, तोच, आपल्या एकत्र कुटुंबातल्या जन्मजात हिस्सेदाराचा. मी वीस वर्षं दिवाणी कोर्टात हा शब्द रोज वापरते आणि तो मूळचा मुख्यतः मुलींसाठीचा होता हे फार उशिरा कळलं.

इंग्रज न्यायाधीशांना मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसा-परंपरेतल्या एकत्र कुटुंबाला काहीतरी नाव द्यायचं होतं. त्यांनी घरचा शब्द उचलला आणि आपल्या बाप-मुलगे-नातवंडांना लावला. तिकडे जो शब्द मुख्यतः बहिणींचा, तो इकडे येऊन पुरुषांचा झाला आणि मुलगी त्याच्या बाहेर. मग महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलीला कोपार्सनर केलं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती लग्नाची अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यासाठी २००५ मध्ये बाप जिवंत असायची गरज नाही, हक्क जन्माचाच.

पण एक लक्षात ठेवा. मार्शलच्या मुलींना वाटा मिळाला तो भाऊ निपुत्रिक मेले म्हणून. एका भावाला एक पोर झालं असतं तर या पाचजणींच्या हातात लग्नात दिलेल्या जमिनीपलीकडे काही पडलं नसतं. समानता वगैरे समजून कोणी हुरळून जाऊ नये.

---

सातबारा_कोरा

ताई, मग थोरल्या बहिणीला वेगळं काहीच नाही?

---

कोर्टाची_पायरी

जमीन समान. पण ज्याचे तुकडे पडत नाहीत ते, म्हणजे मान, हुद्दा, मुख्य वाडा, थोरलीकडे झुकतं. म्हणून मार्शलचा हुद्दा मॉडला गेला. १२४६ मध्ये राजाने मार्शलची काठी मॉडच्या हातात दिली आणि तिने ती आपल्या मुलाला, रॉजर बायगॉडला दिली.

---

वळचणीचं_पाणी

त्या काठीचं पुढे : बायगॉडांचा वंश १३०६ मध्ये खुंटला, हुद्दा राजाकडे गेला आणि मग नातीगोती करत मोब्रे आणि हॉवर्ड घराण्यांत आला. आजही नॉरफोकचे ड्यूक ‘अर्ल मार्शल’ आहेत. २०२३ मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकाची व्यवस्था त्यांच्याकडेच होती. पागेच्या नोकरीचा प्रवास कुठवर गेला बघा.

आणि मॉडबद्दल एक. ती १२४८ मध्ये गेली, टिंटर्नच्या मठात पुरली. दोन नवऱ्यांपासूनच्या चार मुलांनी तिला खांदा दिला.

---

गणिताचे_सर

सिबिलला सात मुली होत्या ना? म्हणजे प्रत्येकीला एक पंचमांशाचा एक सप्तमांश. १/३५. किल्डेअरचं काय झालं असेल!

---

सह्याद्रीचा_पोर

सिबिल एवढं चांगलं असून हिस्सा १/३५. कर्ज कोण देणार?

---

गणिताचे_सर

:)) हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा.

---

वळचणीचं_पाणी

सर, किल्डेअरचा किल्ला आणि अधिकार थोरल्या मुलीकडे, ॲग्नेसकडे राहिला. तिचा मुलगा विल्यम द व्हेसी. त्याने १२९७ मध्ये ते सगळं राजा एडवर्ड पहिल्याच्या स्वाधीन केलं. म्हणजे पन्नास वर्षांत तुकडा सरकारजमा.

---

मीनाक्षी_आजी

विधवांचं काय झालं ते कोणी लिहिलं नाही. पाच भाऊ मेले म्हणजे भावजया मागे राहिल्या असतील. त्यांना पोटगी?

---

कोर्टाची_पायरी

आजी, अगदी नेमका प्रश्न. पोटगीपेक्षा चांगलं. नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तिच्या हयातीपर्यंत. आणि मॅग्ना कार्टात कलम आहे की विधवेला दुसऱ्या लग्नाची जबरदस्ती करायची नाही. (तिने राजाच्या संमतीशिवाय लग्न करायचं नाही, हेही पुढेच लिहिलंय.)

थोरल्याची विधवा एलेनॉर. आयर्लंड आणि वेल्समधल्या तिच्या तिसऱ्या हिश्श्याऐवजी दीर रिचर्डने वर्षाला ४०० पौंड देऊन तिला कटवलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला काय कळणार. आधी तिने पुन्हा लग्न न करण्याची शपथ घेतली होती, पण १२३८ मध्ये सिमॉन द माँफर्टशी लग्न केलं. सिमॉनने तो हिशेब डोक्यात ठेवला आणि आपल्या बायकोला कमी मिळालं म्हणून मेहुण्याच्या, म्हणजे राजाच्या मागे वर्षानुवर्षं लागला.

वॉल्टरची विधवा मार्गरेट द क्विन्सी तर त्याहून भारी. ती आधीच लिंकनची काउंटेस, त्यात मार्शलच्या जमिनीचा तिसरा हिस्सा. ती १२६६ पर्यंत जगली आणि तोपर्यंत पाचही वाटेकरी तिच्याकडे बघत बसले. आपल्याकडे काकू जाईपर्यंत बिल्डरला सही मिळत नाही, तसं.

---

मीनाक्षी_आजी

काकूंना आमचा नमस्कार सांगा.

---

वाय_नदीकाठी

मी चेपस्टोपासून तासाभरावर राहतो. मुलाची शाळा बंद असली की तिथेच जातो, पार्किंग सोपं पडतं.

किल्ल्यात आत एक जुना दरवाजा ठेवलाय. दोन फळ्यांचा, ओकच्या लाकडाचा. बाहेरून लोखंडी पत्रे ठोकलेले, मागच्या बाजूला लाकडाची जाळीदार चौकट. लाकडातल्या वलयांवरून तपासल्यावर तो ११९० च्या आधीचा निघाला, म्हणजे विल्यमच्याच काळातला. युरोपातला किल्ल्याचा सगळ्यात जुना दरवाजा म्हणतात. आणि १९६२ पर्यंत तो तिथेच मुख्य दारात बिजागरीवर होता! माझ्या वडिलांच्या जन्मानंतरही लोक त्यातून ये-जा करत होते. मी काचेपलीकडून बघत होतो, तर मुलगा म्हणाला, बाबा, हा आपल्या वाड्याच्या दिंडीसारखाच आहे. आमचा वाडा २०११ मध्ये पाडला. दिंडी कोणी नेली माहीत नाही.

---

सह्याद्रीचा_पोर

फोटो टाका की राव.

---

वाय_नदीकाठी

टाकतो, जुन्या फोनमध्ये आहेत. पेम्ब्रोकचा गोल बुरूजही बघा कधी. विल्यमनेच बांधलेला, वर दगडी घुमटाचं छप्पर. जिने चढून मांड्या भरतात.

---

पुस्तकातली_अळी

टेम्पल चर्चमधलं थडगं बघितलंय. काळपट दगडाची आडवी मूर्ती. १० मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात छत जळून खाली कोसळलं आणि मूर्ती तडकल्या, अजून दिसतं. बाजूला दोन्ही हातांना वकिलांच्या संस्था, इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल. बाबासाहेब इथेच बॅरिस्टर झाले ना?

---

कोर्टाची_पायरी

नाही, बाबासाहेब ग्रेज इनचे. इनर टेम्पलचे गांधीजी. म्हणजे १८८८ ते १८९१ मध्ये गांधीजी ज्या आवारात जेवणं मोजत होते (बॅरिस्टर व्हायला ठराविक जेवणं घ्यावी लागत), तिथेच हा आपला कोपार्सनरींचा बाप झोपलेला.

---

नातीगोती_विशारद

आता माझं कार्यक्षेत्र. इंग्रजीत सगळ्यांना ‘कझिन’ म्हणतात म्हणून या घराची गंमत कळत नाही. मराठीत मांडतो.

थोरल्या मुलाने, म्हणजे बापाच्याच नावाच्या विल्यमने, राजाची बहीण एलेनॉर केली आणि त्याच्या बहिणीने, इसाबेलने, विधवा झाल्यावर १२३१ मध्ये राजाचा भाऊ रिचर्ड ऑफ कॉर्नवॉल. म्हणजे साटंलोटं. मग इसाबेलचा मुलगा हेन्री याची एलेनॉर कोण? मामी. आणि बापाची बहीण म्हणून आत्याही. या हेन्रीला १२७१ मध्ये इटलीत व्हितेर्बोच्या चर्चमध्ये कोणी मारलं? एलेनॉरच्या मुलांनी, म्हणजे सख्ख्या आतेभावांनी.

का मारलं? त्यांचा बाप सिमॉन १२६५ मध्ये इव्हशमच्या लढाईत पडला म्हणून. सिमॉनचं डोकं कापून रॉजर मॉर्टिमरने आपल्या बायकोला विगमोरला भेट पाठवलं. ही बायको मॉड, ईव्हा मार्शलची मुलगी. म्हणजे मामीच्या दुसऱ्या नवऱ्याचं डोकं भाचीच्या घरी.

---

अवांतरप्रेमी

जेवताना वाचलं. चूक झाली.

---

नातीगोती_विशारद

आणखी घ्या. इसाबेलची मुलगी, तीही इसाबेलाच, स्कॉटलंडच्या ब्रूस घरात दिली. तिचा नातू रॉबर्ट द ब्रूस, स्कॉटलंडचा राजा. म्हणजे विल्यम मार्शलचा खापरपणतू. आणि ते डोकं मिळालेल्या मॉड मॉर्टिमरच्या वंशातून पुढे ॲन मॉर्टिमर, तिचा मुलगा यॉर्कचा ड्यूक रिचर्ड आणि त्याचा मुलगा राजा एडवर्ड चौथा. फर्न्सच्या बिशपने नाव पुसलं म्हणे. त्याने फक्त मुलगे मोजले.

---

नास्तिक_नाना

विशारद, हे मी लिहायला पाहिजे होतं.

---

सातबारा_कोरा

आमच्या आजोळच्या सातबाऱ्यावर मामाच्या मृत्यूनंतर वारसनोंद लागली. गेल्या महिन्यात उतारा काढला. ११ नावं होती, आता आई आणि मावश्यांची धरून ३४. गणिताच्या सरांनी १/३५ लिहिल्यावर मी परत काढून मोजली.

---

गणिताचे_सर

एक राहिली असेल. धाकट्या मावशीचं सासरचं नाव बघा.

---

सातबारा_कोरा

सर, खरंच राहिलीय. तिचं माहेरचं नाव लागलंय आणि त्याच नावाची आणखी एक आहे, म्हणून तलाठ्याने एकच धरली. सोमवारी जातो.